नाव उतरेपर्यंत गाडी आपलीच

आमची वॅगनआर २०१२ ची. व्हीएक्सआय, पेट्रोल, एमएच-१३ म्हणजे सोलापूर पासिंग, पहिलाच मालक, एक लाख अठरा हजार किलोमीटर. जुनी गाडी विकायला काढली की पहिल्या फोनवर एवढंच विचारतात, म्हणून तेच आधी सांगितलं. गाडी बाबांच्या नावावर होती. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, रात्री समोरून येणारा लाइट सहन होईना आणि त्यांनी आपणहून चावी माझ्याकडे दिली. माझी वेगळी गाडी आहे आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासमोर दोन गाड्या लावायला जागा नाही. शिवाय रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरणार. त्यानंतर ठेवायची तर पुन्हा पासिंग, त्याची पाच हजार रुपये फी, वर पर्यावरण कर. विकायची तर आत्ताच विकू, असं गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गणपतीत, घरात ठरलं.

त्यानंतर भेटेल त्याने किमतीबद्दल सल्ला दिला. कुणी म्हणालं दोन लाखांच्या खाली सोडू नका, कुणी म्हणालं एवढ्या जुन्या गाडीला दीड मिळाले तरी पदरात पाडून घ्या. कागदांबद्दल मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. माझं म्हणणं असं आहे की किमतीत पाच-दहा हजार इकडेतिकडे झाले तर माणूस चार दिवसांत विसरतो. पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, आपलं नाव राहिलं तर ती गाडी रस्त्यावर जे जे करेल ते आपल्या दारात येतं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यापासून झाली. माणूस बोलायला चांगला होता. चहा दिला, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडून बंद केलं आणि एक लाख तीस हजार सांगितले. त्याचंही बरोबर असेल. त्याला गाडी घासूनपुसून विकायची, जागेचं भाडं भरायचं, वर चार पैसे सुटायला हवेत. भावाबद्दल माझी तक्रार नव्हती. तो पुढे म्हणाला, "पैसे आत्ता घेऊन जा मॅडम. काकांच्या टीटी फॉर्मवर सह्या तेवढ्या द्या. घेणाऱ्याची जागा कोरी असू दे, गिऱ्हाईक लागलं की आम्ही नाव टाकून घेतो."

याला या धंद्यात ओपन टीटी म्हणतात. टीटी फॉर्म म्हणजे मालकी बदलीचे नमुना २९ आणि नमुना ३०. कोरे सही करून दिले की गाडी व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि सरकारच्या दप्तरी मालक मात्र बाबाच राहतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५० सांगतं की गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपलं नाव लावून घ्यायला अर्ज करायचा. हे न केल्यावर काय होतं ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. एक गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, नाव कुणीच बदललं नव्हतं, आणि तिचा अपघात झाला. नुकसानभरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव नोंदणीत आहे तो मालक, जबाबदारी त्याची. गाडी केव्हाच विकली होती हे सांगून पहिल्या मालकाची सुटका झाली नाही. बाबा जिल्हा परिषदेत आयुष्यभर कागदावर काम केलेले. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. "कोऱ्या कागदावर सही मी नोकरीतही केली नाही," एवढंच म्हणाले.

व्यापाऱ्याला गाडी देणं चूकच आहे असं माझं मत नाही. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठीही नियम आहेत. आरटीओचं अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी दिली तर नमुना २९-सी भरून तसं आरटीओला ऑनलाइन कळवता येतं आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येते. मी या व्यापाऱ्याला तेवढंच विचारलं. तो म्हणाला, "ते सगळं मोठ्या शहरात चालतं मॅडम." आम्ही चहाबद्दल आभार मानले आणि घरी आलो. तुम्ही व्यापाऱ्याला गाडी देणार असाल तर २९-सी चा प्रश्न पहिल्यांदा विचारा, भाव नंतर.

मग स्वतःच विकायची ठरवली. सकाळी लवकर गाडी धुतली आणि कंबर तलावाच्या बाजूला उभी करून फोटो काढले. चांगल्या फोटोंबरोबर वाईट फोटोही टाकले: डाव्या मागच्या दाराचा घासलेला पत्रा (तुळजापूरला पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं होतं, नंतर तेवढाच भाग रंगवला), ड्रायव्हरच्या सीटचं उसवलेलं कव्हर, डॅशबोर्डवरची भेग. आमच्याकडच्या उन्हात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीला ही भेग पडतेच. जाहिरातीत लिहिलं, "एसी चालू आहे, पण मे महिन्यात दुपारी कमी पडतो. पुढचं सस्पेन्शन खड्ड्यात वाजतं." बहीण म्हणाली, अशाने फोन कोण करणार? फोन कमी आलेच, पण आले ते बोलण्यासारखे आले. घरी येऊन दार बघून भाव पाडण्यापेक्षा दार बघूनच आलेला माणूस बरा.

किंमत दोन लाख पाच हजार लावली, आणि नेमका तेव्हाच बाजार हलला. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं आणि तो २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी, लागू होणार होता. म्हणजे नवीच घ्यायची असलेले थांबले आणि जुनी शोधणारेही थांबले, कारण नवी उतरली की जुनीचा भाव पडणार हे सगळ्यांना कळत होतं. मध्ये पितृपंधरवडा. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी गाडीची चावी घेत नाही. बघून जायलाही लोक नको म्हणतात. नवरात्रात फोन पुन्हा सुरू झाले ते एकाच वाक्याने: "नवी वॅगनआर पाच लाखांच्या आत आलीय, तुमची तेरा वर्षांची दोन लाखाला कशी?" प्रश्न रास्त होता. पाच लाख ही शोरूमची सुरुवातीची किंमत, त्यावर रोड टॅक्स आणि विमा वेगळा, आणि व्हीएक्सआय घ्यायची तर आणखी वर. हे मी शांतपणे सांगायचे. पण आपल्यालाही दहा-वीस हजार खाली यावं लागणार हे मनाशी धरलं होतं.

जीएसटीवरून आणखी एक गैरसमज सतत यायचा. "जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो ना, तो कोण भरणार?" तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला लागतो, आणि त्यालाही त्याच्या नफ्याच्या रकमेवर. घरच्या माणसाने घरची गाडी दुसऱ्या माणसाला विकली तर त्यात जीएसटी नाही. एकाने याच मुद्द्यावर किंमत कमी करा म्हणून आग्रह धरला. त्याला मी नाही म्हटलं.

फोनवरचे काही प्रकार ओळखायला शिकावं लागतं. एक गृहस्थ लष्करात आहेत, बदली सोलापूरला झाली आहे, गाडी न बघता पूर्ण किमतीला घ्यायला तयार आहेत आणि ॲडव्हान्स म्हणून क्यूआर कोड पाठवत आहेत, तो फक्त स्कॅन करून पिन टाकायचा. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही, पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे मी आईला आणि बाबांना आधीच बजावून ठेवलं होतं, कारण जाहिरातीत बाबांचा नंबर होता. घरात वडीलधाऱ्यांच्या नावावरची गाडी विकायची असेल तर जाहिरातीत आपला नंबर द्या. आम्ही पुढे तसं बदललं.

सीमेवरचा जिल्हा असल्यामुळे इंडी आणि विजापूरकडूनही विचारणा झाली. त्यातले एक जण खरोखर चांगले होते, भावही नीट देत होते. पण त्यांना एनओसी नको होती. राज्याबाहेर गाडी जायची तर आरटीओकडून नमुना २८ ची ना-हरकत घ्यावी लागते आणि तिकडे जाऊन कर्नाटकचा टॅक्स भरून नवीन नंबर घ्यावा लागतो. त्यांचं म्हणणं, "आमच्याकडे किती एमएच-१३ फिरतात बघा, कुणी विचारत नाही." फिरतात, मीही बघितल्या आहेत. त्यातल्या कितींच्या आरसीवर सोलापुरातल्या एखाद्या निवृत्त माणसाचं नाव तसंच असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. त्यांना नम्रपणे नकार दिला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्यातल्या गावांचे हाल साऱ्या महाराष्ट्राने बघितले. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या दुःखापुढे गाडीचं बोलणं लहान आहे. पण त्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला: "गाडी पाण्यात होती का?" विचारणं बरोबरच होतं. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून विकली जाते आणि सहा महिन्यांनी तिची वायरिंग एकेक करून जाते.

दसरा झाल्यावर अक्कलकोट रोडवरून एक कुटुंब आलं. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले गृहस्थ, त्यांची पत्नी, वयस्क वडील आणि बरोबर त्यांचा ओळखीचा मिस्त्री. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. मला ताई म्हणत होते, बाबांना काका. मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने गाडी ज्या तऱ्हेने बघितली ते मी शेजारी उभी राहून बघितलं.

आल्या आल्या त्याने इंजिन सुरू करू दिलं नाही. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री केली. गरम करून ठेवलेलं इंजिन सुरू होताना आपला आजार लपवतं, असं तो म्हणाला. मग ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूने बोट फिरवलं. तिथे पांढरट साय असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. बोट काळं आणि कोरडं निघालं. रेडिएटरचं झाकण काढून पाण्याचा रंग बघितला. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की त्यावर चालवलेल्या गाडीचा रेडिएटर आतून दगड होतो. बाबांनी कायम तयार कूलंटच घातलं, ते हिरवं दिसलं. दारांची रबरं त्याने एका कोपऱ्यातून ओढून काढली आणि खालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके मोजल्यासारखे बघत गेला. कारखान्यातले ठिपके एकसारखे असतात. गाडी मोठ्या अपघातात ठोकलेली असेल तर ते जागेवर राहत नाहीत. रंगवलेल्या दाराशी थांबला. मी म्हटलं, हे दार मारलेलं आहे, जाहिरातीत लिहिलंय. तो म्हणाला, "वाचलंय ताई. बाकीची मारलीत का ते बघतोय."

मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. रोजच्या वापरात कधीच बाहेर येत नाही त्या शेवटच्या वितीपर्यंत. तो भाग उजेडात धरून बघितला, नाकाशी नेला आणि सावकाश सोडला. पाण्यात बुडालेल्या गाडीचं कार्पेट बदलतात, सीट धुतात, पण बेल्टच्या आतल्या गुंडाळीत गाळाची रेघ तशीच राहते. आमच्या बेल्टचा तो भाग कारखान्यातून आला तसा स्वच्छ, काळा होता. पुढच्या सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का हे मोबाइलच्या उजेडात बघितलं. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पुढचे दोन २०२१ चे, मागचे २०१९ चे निघाले. "मागचे गेले," म्हणाला. ते खरं होतं.

इंजिन सुरू केल्यावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवून मागे धूर बघायला मिस्त्रीने घेणाऱ्या गृहस्थांनाच उभं केलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. धूर नव्हता. चकरीला मी शेजारी बसले. चालवणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो आधी घेतला होता, तेवढं प्रत्येकाकडून घेत होते आणि कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. विजापूर रोडला लागून सैफुलपर्यंत जाऊन आलो. खड्ड्यात सस्पेन्शन वाजलं. मिस्त्री मागून म्हणाला, "लोअर आर्मचे बुश. इंजिन बोलत नाही, एवढं बास."

घरी आल्यावर त्यांच्या वडिलांनी विचारलं, किलोमीटर खरे आहेत कशावरून? बाबा आत गेले आणि त्यांची वही घेऊन आले. गाडी आली त्या दिवसापासूनचं प्रत्येक पेट्रोल, किती लिटर, मीटरवर किती, प्रत्येक सर्व्हिसिंग, क्लच कधी बदलला, बॅटरी कितव्या वर्षी, सगळं निळ्या शाईत. अक्कलकोट, पंढरपूर, आईला दवाखान्यात नेल्याच्या पुण्याच्या फेऱ्या, माझ्या लग्नाचं सामान, कुठे कशाला गेलो ते समासात. ते गृहस्थ खुर्चीत बसून बराच वेळ पानं उलटत राहिले. आपसात तेलुगूत काहीतरी बोलणं झालं. मिस्त्रीने वही हातात घेऊन फक्त क्लचचं आणि ऑइलचं पान बघितलं. मीटर मागे फिरवणं हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला फार मोठा रोग आहे, आणि त्यावर सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांइतकं दुसरं उत्तर नाही. पावत्या टाकून देऊ नका.

भाव ठरायला फार वेळ लागला नाही. त्यांनी एक साठपासून सुरू केलं. मागचे टायर आणि बुश यांचा खर्च आम्ही मान्य केला, दाराचा केला नाही. तो किमतीत आधीच धरला होता. एक लाख ब्याऐंशी हजारांवर बोलणं थांबलं. दहा हजार इसार दिला. मी इसाराची पावती लिहिली आणि त्यात अट घातली: मालकी बदलीचा अर्ज दोघांनी मिळून आधी करायचा, फी भरल्याची पावती दोघांच्या मोबाइलवर आल्यावर उरलेली रक्कम आणि गाडीचा ताबा एकाच दिवशी. ते गृहस्थ जरा थबकले. "आमच्यावर भरवसा नाही का ताई?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना न्यायालयाचा तो निकाल सांगितला आणि म्हटलं, नाव लवकर लागलं तर तुमचाही फायदा. उद्या बाबांचं काही बरंवाईट झालं तर तुमची गाडी वारसांच्या कागदपत्रांत अडकेल. हे त्यांच्या वडिलांना लगेच पटलं.

आता कागद. आमच्या बाजूने बघायच्या गोष्टी अशा होत्या. आरसीवर बँकेचा बोजा नव्हता. कर्ज फिटल्या फिटल्या बाबांनी बँकेचं पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवला होता. तुमच्या आरसीवर अजून बँकेचं नाव असेल तर जाहिरात देण्याआधी ते काम करा, कारण बोजा असलेली गाडी बँकेच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि मधल्या काळात बँकांची विलीनीकरणं होऊन जुनं कर्ज कुठल्या शाखेकडे गेलं हे शोधायलाच वेळ जातो. नवीन नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, आधीच बसवली होती. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती राज्यात सक्तीची आहे, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि ती नसेल तर आरटीओत मालकी बदलीचं काम पुढे सरकत नाही. ई-चलन तपासलं. पुण्याजवळच्या वेगाचं एक जुनं चलन निघालं, ते भरून टाकलं. पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) चालू होती. या निमित्ताने एक गोष्ट कळली ती सोलापूरकर म्हणून मला फार आवडली: गाडीच्या धुराचे बीएस-४ चे नियम देशभर २०१७ मध्ये आले, पण निवडक शहरांत ते २०१० पासूनच होते आणि त्या थोड्या शहरांत सोलापूर होतं. म्हणून २०१२ ची असूनही आमची गाडी बीएस-४ आहे आणि तिची पीयूसी वर्षभर चालते. घेणाऱ्यालाही ते ऐकून बरं वाटलं.

परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना ओटीपी लागतात. गाडीच्या नोंदीत बाबांचा जो मोबाइल होता तो केव्हाच बंद झालेला, त्यामुळे आधी आधारच्या आधारे नंबर बदलून घेतला. घरी असाल तेव्हाच हे बघून ठेवा, कारण घेणारा समोर बसलेला असताना ओटीपी बंद नंबरवर गेला की त्याच्या मनात उगीच पाल चुकचुकते. चारचाकीची मालकी बदलीची सरकारी फी तीनशे रुपये, वर स्मार्ट कार्डाचे वेगळे. नमुना २९ दोन प्रतींत, नमुना ३०, दोघांच्या सह्या, आरसी, विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन. फॉर्मवर चेसिस नंबरचा छाप लागतो. मिस्त्रीने पेट्रोलच्या फडक्याने पत्र्यावरचा नंबर पुसला, त्यावरून शिसपेन्सिल आडवी धरून घासली, वर पारदर्शक टेप दाबून उचलली आणि आकडे जसेच्या तसे फॉर्मवर चिकटवले. बाबांनी सही करण्याआधी घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, रक्कम, सगळं भरलेलं आहे हे ओळीओळीने वाचलं. मग सही केली, आरसीवर आहे अगदी तशी.

विजापूर रोडच्या आरटीओ कार्यालयात आम्ही कागद दिले. बाहेर एजंट लोक विचारत होते. एजंट लावण्यात गैर काही नाही, ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर लावावा. अट एकच, भरलेले फॉर्म त्याच्याकडे द्यावेत, कोरे नाही, आणि अर्जाचा नंबर आपल्याकडे असावा. त्या नंबरवर काम कुठवर आलं हे घरबसल्या दिसतं.

ताबा दिवाळीच्या आत दिला. पैसे त्यांनी बँकेतून बाबांच्या खात्यावर पाठवले, मेसेजवर न थांबता मी खात्यात जमा बघितली. पाचशेच्या स्टॅम्पवर (शंभरचा ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही) विक्रीचा करार केला आणि वेगळी ताबा पावती लिहिली. ताबा पावतीत तारखेबरोबर वेळही घातली: सकाळी ११ वाजून २० मिनिटं, मीटर अमुक, दोन चाव्या, स्टेपनी, जॅक, मूळ कागद. दोन साक्षीदार. त्या वेळेआधीचं सगळं आमचं, नंतरचं सगळं त्यांचं, हे त्या एका ओळीने पक्कं होतं. त्यांच्या पत्नीने बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आईने आग्रह करून सगळ्यांना शेंगापोळी खायला घातली. बाबांनी वहीची झेरॉक्स त्यांना दिली. मूळ वही ठेवून घेतली.

गाडी गेली तरी दोन कामं उरतात. फास्टॅग त्याच दिवशी बंद करून घेतला. काचेवरचा टॅग तसाच राहिला असता तर ते सावळेश्वरच्या टोलवरून गेले की पैसे बाबांच्या खात्यातून कटले असते. दुसरं विम्याचं. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. बाबांनी इतकी वर्षं एकदाही क्लेम न केल्यामुळे तो पन्नास टक्क्यांवर होता. तो घेणाऱ्याला जात नाही, हे मी इसार घेतानाच सांगून ठेवलं होतं, आणि त्याच्या फरकाची रक्कम त्यांनी कंपनीला भरली. आम्ही कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं. तीन वर्षांत बाबांच्या नावावर दुसरी गाडी घेतली तर तिच्या विम्यात तो वापरता येतो. आईच्या मनात ऑटोमॅटिक गाडी आहे, ती स्वतः शिकणार म्हणते.

नवीन आरसी दिवाळीनंतर त्यांच्या पत्त्यावर पोचली. त्यांनी फोटो पाठवला. मी तरीही संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललेलं बघितलं आणि ते पान छापून बाबांच्या फाइलला लावलं. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नवी पेठेत गाडी चुकीच्या जागी लावली होती, चलनाचा मेसेज आलाय, तो कसा भरायचा? मी विचारलं, मेसेज कुणाच्या मोबाइलवर आला? ते म्हणाले, "माझ्याच की." मी त्यांना भरायची पद्धत सांगितली.